ज्युलिया : एका नव्या संगणकभाषेचे गुण-दोष

(मंडळाच्या दिवाळीपूर्व व्याख्यानात केलेल्या भाषणाचे शब्दांकन)



शुक्रवारची सुट्टीची सकाळ, घरोघरी चकल्यांचा घाणा चाललेला, आणि तरीही आपण संगणकाच्या भाषेवरचं व्याख्यान ऐकायला आलात, याबद्दल आधी आभार मानतो. बाहेर बटाटेवडे आहेत हे मला ठाऊक आहे. त्यामुळे गर्दीचं सगळं श्रेय मी घेत नाही!

आपल्या मंडळात तीन प्रकारचे लोक मला हा विषय विचारतात. रिफायनरी, अॅल्युमिनियम, वीज-पाणी अशा क्षेत्रांतले माझ्यासारखे इंजिनियर, मनामातल्या बँकांमध्ये आकडेमोड करणारी मंडळी, आणि बारावीनंतर परदेशी किंवा पुण्या-मुंबईला शिकायला निघालेली आपली मुलं. प्रश्न एकच असतो : "काका, ती ज्युलिया नावाची नवी भाषा शिकण्यासारखी आहे का?" उत्तर हो किंवा नाही असं एका शब्दात देता येत नाही, म्हणून हे भाषण.

माझा स्वतःचाही स्वार्थ आहे. पुढच्या वर्षी मी बहारीन सोडून पुण्याला परततोय. जाण्यापूर्वी मला एक जुना प्रोग्राम कुणाच्या तरी हाती सोपवायचा आहे. हीट एक्स्चेंजरच्या नळ्यांवर थर साचतो, उष्णता नीट जात नाही, आणि मग यंत्र बंद करून साफसफाई करावी लागते. ती कधी करायची, याचा हिशेब हा प्रोग्राम करतो. लवकर बंद केलं तर उत्पादन बुडतं, उशिरा केलं तर इंधन वाया जातं. प्रोग्राम फोरट्रानमध्ये आहे. ज्या गृहस्थांनी तो लिहिला ते कधीच केरळला परत गेले. मला माहीत आहेत ती फक्त त्यांची आद्याक्षरं, कारण ती प्रोग्रामच्या डोक्यावर टिपणीत लिहिलेली आहेत. हा वारसा आता कोणत्या भाषेत पुढे द्यायचा, हा माझ्यापुढचा प्रश्न.

थोडा इतिहास सांगतो. फोरट्रान १९५७ साली आयबीएममध्ये जॉन बॅकस आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी तयार केली. इथे बहारीनमध्ये त्याआधीच तेल सापडलं होतं (१९३२), रिफायनरीही सुरू झाली होती (१९३६), आणि अॅल्युमिनियमची भट्टी १९७१ ला पेटली. म्हणजे आखातातले मोठे उद्योग वाढले तो काळ फोरट्रानचाच. आपल्याकडे मुंबईत टाटा मूलभूत संशोधन संस्थेत 'टिफ्रॅक' हा देशात बांधलेला संगणक १९६० मध्ये सुरू झाला, आणि १९६४ मध्ये तिथे सीडीसी ३६०० हे मोठं यंत्र आलं. पुण्यात १९८८ साली सी-डॅक स्थापन झाली आणि डॉ. विजय भटकरांच्या नेतृत्वाखाली १९९१ मध्ये 'परम ८०००' उभा राहिला. पाषाणच्या उष्णदेशीय हवामान संस्थेत २०२४ मध्ये 'अर्क' नावाचा महासंगणक आला, त्याची ताकद ११.७७ पेटाफ्लॉप. यंत्रं अशी बदलत गेली, पण जगभरातली हवामानाची मोठी प्रारूपं आजही प्रामुख्याने फोरट्रानमध्येच आहेत. सत्तरीची झाली म्हणून या आजीबाईंना वृद्धाश्रमात पाठवू नका. २०२३ मध्ये तिचं नवं प्रमाणित रूपही आलं आहे!

मग नव्या भाषेची गरज काय? त्यासाठी आपल्या किराणा दुकानदाराची आठवण काढा. त्याच्याकडे दोन वह्या असायच्या, कच्ची आणि पक्की. गडबडीत कच्च्या वहीत टिपायचं आणि रात्री बसून पक्क्या वहीत उतरवायचं. शास्त्रीय आकडेमोडीतही तेच चालतं. शास्त्रज्ञ आपली कल्पना पायथन किंवा मॅटलॅबसारख्या सोप्या भाषेत लिहून बघतो. ती पसंत पडली पण चालायला फार वेळ घेते असं दिसलं, की तीच गोष्ट सी किंवा फोरट्रानमध्ये पुन्हा लिहायची. मेहनत दुप्पट, आणि उतरवताना चुका शिरतात त्या वेगळ्या. शिवाय कच्ची वही वाचणारा पक्की वही वाचू शकेलच असं नाही. याला 'दोन भाषांची अडचण' असं म्हणतात.

ज्युलियाचा दावा असा, की वही एकच ठेवा. लिहायला कच्च्या वहीइतकी सोपी, वेगाला पक्क्या वहीइतकी. जेफ बेझनसन, स्टीफन कारपिन्स्की, विरल शहा आणि एमआयटीचे प्राध्यापक अॅलन एडलमन या चौघांनी २००९ मध्ये काम सुरू केलं आणि फेब्रुवारी २०१२ मध्ये भाषा जगापुढे ठेवली. यातले विरल शहा म्हणजे 'आधार'च्या कामात सहभागी असलेले, नंदन निलेकणींसोबत त्यावर पुस्तक लिहिलेले. ऑगस्ट २०१८ मध्ये १.० ही आवृत्ती आली, आणि २०१९ मध्ये बेझनसन, कारपिन्स्की व शहा यांना संख्यात्मक सॉफ्टवेअरचं जेम्स विल्किन्सन पारितोषिक मिळालं. भाषा फुकट आहे, मुक्त स्रोत आहे. मॅटलॅबचा परवाना घेताना कंपनीच्या हिशेबनीसाचा चेहरा ज्यांनी पाहिला आहे त्यांना याचं मोल कळेल.

आता ती वेगवान का, ते सांगतो. संगणकाला फक्त स्वतःची यंत्रभाषा कळते. पायथन हा दुभाषासारखा आहे : तुम्ही एक वाक्य बोला, तो लगेच भाषांतर करून सांगतो. तेच वाक्य लाख वेळा बोललात तर लाख वेळा भाषांतर. फोरट्रान म्हणजे आख्खं पुस्तक आधीच भाषांतर करून छापून घेणं. ज्युलिया मधला मार्ग काढते. एखादं प्रकरण पहिल्यांदा लागलं की त्याच क्षणी त्याचं पक्कं भाषांतर करते आणि हाताशी ठेवते. दुसऱ्या वेळेपासून ते थेट यंत्रभाषेत पळतं.

दुसरी खुबी समजायला मराठीच उपयोगी पडते. आपलं 'लावणे' हे क्रियापद घ्या. दिवा लावणे, फोन लावणे, झाड लावणे, विरजण लावणे. क्रियापद एक, पण सोबतच्या शब्दाप्रमाणे कृती वेगळी. बरं, नुसता एक शब्द पाहूनही भागत नाही. पानाला चुना लावणे वेगळं, भिंतीला चुना लावणे वेगळं, आणि मित्राला चुना लावणे तर अगदीच वेगळं! म्हणजे कोणाला आणि काय, हे दोन्ही पाहून अर्थ ठरतो. ज्युलियाचा पाया नेमका हाच आहे. एकच क्रिया, पण सोबत आलेल्या सगळ्या वस्तूंचे प्रकार पाहून कोणती कृती करायची ते ती निवडते. त्यामुळे एकाने पुण्यात बसून नवा प्रकार तयार केला आणि दुसऱ्याने बोस्टनमध्ये जुनी क्रिया लिहिली असली, तरी दोन्ही एकमेकांना न विचारता जुळू शकतात.

आणखी काही सोयी आमच्यासारख्या जुन्या लोकांना आवडतील अशा आहेत. मोजणी फोरट्रानप्रमाणे एकापासून सुरू होते, पायथनसारखी शून्यापासून नाही. तक्ता स्मृतीत फोरट्रानसारखाच उभ्या रांगांनी साठवला जातो. फोरट्रान आणि सी मधली जुनी कामं ज्युलियातून सरळ बोलावता येतात. 'दोन क्ष' हे गणिताच्या वहीत लिहितो तसं सलग लिहिलं तरी चालतं, मध्ये गुणाकाराची चांदणी लागत नाही. चलांना 'त्रिज्या', 'क्षेत्रफळ' अशी देवनागरी नावंही देता येतात. खरं तर हे आता पायथनमध्येही जमतं, पण मुलांना शिकवताना दाखवा, त्यांना मजा वाटते.

हे सगळं कागदावरच नाही. २०१५ मध्ये न्यूयॉर्कच्या फेडरल रिझर्व्ह बँकेने आपलं अर्थव्यवस्थेचं प्रारूप मॅटलॅबमधून ज्युलियात आणलं. २०१७ मध्ये 'सेलेस्ट' प्रकल्पात कॅलिफोर्नियातल्या कोरी महासंगणकावर सुमारे १८ कोटी ८० लाख तारे आणि दीर्घिकांची यादी १४.६ मिनिटांत तयार झाली. तेव्हा गती दीड पेटाफ्लॉपच्या वर गेली होती, म्हणजे सेकंदाला एकावर पंधरा शून्य याच्या दीडपट आकडेमोडी. कॅलटेक आणि एमआयटीचा एक गट २०१८ पासून हवामानाचं नवं प्रारूपच ज्युलियात लिहीत आहे.

ही झाली मुलीची बाजू. आता लग्न ठरवायचं तर दुसरी बाजूही ऐकायला हवी.

पहिली तक्रार जुनी आहे : सुरुवातीचा खोळंबा. तवा तापेपर्यंत पहिली पोळी होत नाही, तसं पहिल्या वेळी भाषांतरात वेळ जातो. पूर्वी साधा एक आलेख काढायचा तर अर्धा मिनिट, कधी त्याहून जास्त थांबावं लागे. पुढचे आलेख क्षणात, पण माणूस तोवर वैतागलेला. २०२३ मधल्या १.९ आवृत्तीपासून तयार भाषांतर डिस्कवर जपून ठेवायची सोय झाली आणि हा त्रास पुष्कळ कमी झाला. संपलेला मात्र नाही.

दुसरी : प्रोग्रामची सुटसुटीत एक फाईल करून, ज्या संगणकावर ज्युलिया नाही तिथे द्यायची असेल तर ते अवघड जातं. ऑक्टोबर २०२५ च्या १.१२ आवृत्तीत छोटी फाईल बनवण्याची सोय आली, पण प्रायोगिक म्हणून. कारखान्यात 'प्रायोगिक' हा शब्द ऐकला की मॅनेजर चष्मा काढून बघतात.

तिसरी : स्मृतीतला कचरा उचलायला ज्युलियाची घंटागाडी अधूनमधून येते, आणि ती कधी येईल ते आपल्या हातात पूर्णपणे नसतं. आलेख काढताना काही बिघडत नाही. पण मिलिसेकंदाच्या हिशेबाने झडपा उघडझाप करायच्या असतील, तर ते काम तिला देऊ नये.

चौथी गोष्ट आकड्यांची. बुद्धिबळाच्या पटावरच्या तांदळाची गोष्ट सगळ्यांना माहीत आहे : पहिल्या घरात एक दाणा, दुसऱ्यात दोन, तिसऱ्यात चार. चौसष्ट घरांचे एकूण दाणे म्हणजे दोनाचा चौसष्टावा घात वजा एक. पायथनला हे विचारा, वीस आकडी बरोबर उत्तर येतं. ज्युलियाला साध्या पूर्णांकात विचारा, उत्तर येतं उणे एक! म्हणजे राजाने दाणे देण्याऐवजी शोधकर्त्याकडूनच एक दाणा येणं निघतं. कारण वेगासाठी तिने पूर्णांकाला ६४ खणांचीच पेटी दिली आहे. पेटी भरून वाहिली तरी ती काही बोलत नाही. मोठे पूर्णांक मागितले की तीही बरोबर उत्तर देते, पण मागायचं हे आपल्याला ठाऊक असावं लागतं. सी आणि फोरट्रानवाल्यांना याची सवय असते, पायथनमधून आलेल्या मुलाला नसते.

पाचवी तक्रार सगळ्यांत गंभीर. मघाशी सांगितलं, की अनोळखी लोकांनी लिहिलेले भाग आपोआप जुळतात. पण जुळतात म्हणजे बरोबर जुळतात असं नाही. एक उदाहरण. इथे जुफेर किंवा सीफमधल्या इमारतींत काही ठिकाणी तळमजला शून्य धरतात, काही ठिकाणी एक. समजा, पोस्टमनने गृहीत धरलं की मजले एकापासूनच सुरू होतात, तर शून्यवाल्या इमारतीत पत्रं चुकीच्या दारात पडणार. ज्युलियात मोजणी कुठूनही सुरू करणारे तक्ते बनवता येतात, आणि जुन्या काही क्रियांनी सुरुवात एकापासूनच असते असं गृहीत धरलेलं होतं. त्यात वेगासाठी सीमेची तपासणी बंद केलेली. परिणाम असा, की प्रोग्राम कोसळत नाही, ओरडत नाही, शांतपणे चुकीचं उत्तर देतो. २०२२ मध्ये एका अनुभवी वापरकर्त्याने अशा चुकांची जाहीर यादीच मांडली आणि त्यावर बरीच चर्चा झाली. त्यांतल्या अनेक चुका नंतर दुरुस्त झाल्या. तरी धडा राहतो : कोसळलेला प्रोग्राम आपल्याला सावध करतो, शांतपणे चुकणारा करत नाही.

आणि शेवटची तक्रार भाषेची नाही, माणसांची. पायथनचा गोतावळा प्रचंड आहे. सीबीएसईच्या अकरावी-बारावीला पायथन आहे, कृत्रिम बुद्धिमत्तेची बहुतेक साधनं पायथनमधून वापरली जातात, आणि अडलं तर विचारायला शेजारी कुणीतरी सापडतो. शिवाय पायथन स्वस्थ बसलेली नाही. नमपाय, नंबा यांसारख्या साधनांनी तिची आकडेमोड पुष्कळ वेगवान केली आहे. ज्युलियाचा गोतावळा लहान. विकल समीकरणं, इष्टतमीकरण अशा काही प्रांतांत मात्र तो लहान असूनही फार दमदार आहे.

आता माझ्या प्रोग्रामकडे येतो. आमच्याकडे सांगलीचा एक तरुण इंजिनियर आहे. त्याने हौसेने, रात्री बसून तो आख्खा हिशेब ज्युलियात लिहिला. मी त्याला एकच अट घातली होती : मागच्या वर्षांची सगळी माहिती दोन्हींना दे आणि उत्तरं शेजारी शेजारी ठेव. त्याने ते केलं. उत्तरं जुळली. मॅटलॅबमधली जी चाचणी लावून आम्ही चहा पिऊन यायचो, ती ज्युलियात कपाला हात लावण्याआधी संपली. फोरट्रानच्या तुलनेत मात्र वेग साधारण सारखाच. आणि वाचायला? त्याचं लिखाण माझ्यासारख्यालाही एका बैठकीत समजलं. फोरट्रानचं समजायला मला दोन उन्हाळे लागले होते.

मग तेच का वापरू नये? इथे आखाताचा प्रश्न येतो. आपण इथे व्हिसावर राहतो. कुणी तीन वर्षं, कुणी तीस. प्रोग्रामला व्हिसा नसतो, तो आपल्यापेक्षा जास्त राहतो. आमच्या विभागात ज्युलिया वाचू शकणारी माणसं दोन : एक तो, आणि थोडाफार मी. मी तर निघालोच आहे. उद्या त्याला कॅनडाचे कागद मिळाले, की त्या सुंदर प्रोग्रामपुढे कोण बसणार?

मी त्याला हे म्हटलं, तेव्हा त्याने दिलेलं उत्तर मला अजून खोडता आलेलं नाही. तो म्हणाला, "काका, फोरट्रान वाचणारे तरी किती उरलेत? तुम्ही गेलात की शून्य. आणि माणसं नाहीत म्हणून भाषा घ्यायची नाही असं सगळ्यांनी ठरवलं, तर माणसं तयार होणार कशी?"

बरीच चर्चा झाली. शेवटी आम्ही असं ठरवलं. फोरट्रानचा गाभा, जो इतकी वर्षं तपासला गेला आहे, त्याला हात लावायचा नाही. त्याच्याभोवतीची माहिती भरण्याची आणि आलेखांची कामं पायथनमध्ये, कारण नवा येणारा कुणीही ती सांभाळू शकेल. आणि अनेक यंत्रांच्या साफसफाईचं वेळापत्रक एकत्र बसवायचं जे नवं काम आहे, ते ज्युलियात, कारण अशा इष्टतमीकरणासाठी तिच्याकडे 'जंप' नावाचं फार चांगलं साधन आहे. मात्र तीन अटींवर. एक, किमान दोन माणसांना ते येत असलं पाहिजे. दोन, प्रत्येक बदलानंतर जुनी उत्तरं आपोआप पडताळली गेली पाहिजेत. तीन, कोणत्या साधनाची कोणती आवृत्ती वापरली याची नोंद प्रोग्रामसोबत ठेवायची. ही शेवटची सोय ज्युलियात मुळातच चांगली आहे, फक्त ती फाईल जपून ठेवायला हवी. हा तोडगा त्या मुलाला पूर्ण पटलेला नाही, आणि मलाही तो कायमचा वाटत नाही. पाच वर्षांनी ज्युलिया वाचणारे चारजण झाले, तर गाभ्याचाही विचार व्हावा असं मी लिहून ठेवलं आहे.

मुलांसाठी आणि त्यांच्या आई-बाबांसाठी थोडक्यात सांगतो. शाळेत पायथन शिकताय, तीच आधी पक्की करा. पवईच्या आयआयटीच्या 'स्पोकन ट्युटोरियल'मध्ये पायथन, सायलॅब असे विषय आहेत, आणि त्यांचे पाठ मराठीसह अनेक भारतीय भाषांत निघतात. घरी इंटरनेटवर फुकट पाहता येतात. पुढे अभियांत्रिकी, भौतिकशास्त्र, हवामान, अर्थगणित अशा वाटेला गेलात तर दुसरी भाषा म्हणून ज्युलिया जरूर घ्या. तिच्यामुळे गणित आणि प्रोग्राम यांतलं अंतर कमी होतं. नोकरीच्या जाहिरातीत तिचं नाव क्वचित दिसेल, हेही लक्षात ठेवा. हल्ली प्रोग्राम लिहून देणारी कृत्रिम बुद्धिमत्तेची साधनं आली आहेत, मग भाषा शिकायचीच कशाला, असं मुलं विचारतात. लिहून मिळेल हो. पण उणे एक दाणा आला तर तो चुकीचा आहे हे ओळखणारा माणूस लागेलच, आणि त्यासाठी गणितही यायला हवं आणि भाषाही.

माझ्या वयाच्या मंडळींना एक विनंती. आपल्यापैकी अनेकांच्या कपाटात किंवा जुन्या लॅपटॉपवर असे हिशेब पडून आहेत, जे फक्त आपल्यालाच चालवता येतात. 'एक्झिट'चा शिक्का बसण्याआधी त्यांची यादी करा. आत काय जातं, बाहेर काय येतं आणि कोणतं उत्तर बरोबर मानायचं, एवढं एका पानावर लिहा. भाषा कोणतीही असो, ते पान सापडलं तर पुढच्या माणसाचे दोन उन्हाळे वाचतील.

सांगलीचा तो मुलगा इथे तिसऱ्या रांगेत बसला आहे. डिसेंबरपासून महिन्यातून एका शुक्रवारी तो मंडळाच्या खोलीत ज्युलियाचा वर्ग घ्यायला तयार आहे. लॅपटॉप आपापला आणायचा, फी काही नाही. नावं चिटणिसांकडे द्या. पहिलं नाव माझं लिहून घ्या, म्हणजे मी जाईपर्यंत तरी दोनाची अट पूर्ण राहील.

आता प्रश्न असतील तर जरूर विचारा, पण वडे गार होणार नाहीत अशा बेताने.